दुसरा उतार

माझी बायको छाया गेल्या वर्षी हिपॅटायटिस सीने गेली. तिची धाकटी बहीण दीपाली हिलाही तेच झालं होतं. डॉक्टर एकच, गोळ्या त्याच. दीपाली बरी झाली. तिच्या नवऱ्याचा, सुधाकरचा, मला हेवा वाटतो.

त्यांची मुलगी वृषाली नागपूरला गणितात संशोधन करते. औषध चालू असताना शरीरातला विषाणू कसा कमी होतो, याची समीकरणं मांडते. तिला त्यात छायाच्या रक्ततपासणीचे आकडे हवे होते. परवानगी माझी लागणार होती. ती सुट्टीत आली तेव्हा, नाही म्हणायचं ठरवूनच, मी पांढुर्ण्याहून सौंसरला त्यांच्या घरी गेलो.

वृषालीने लॅपटॉपवर दोन रेघा दाखवल्या. "ही आईची, ही मावशीची. मावसाजी, पहिला उतार मावशीचा जास्त हाय."

आमच्याकडे उतार पडला म्हणजे माणूस दुखण्यातून उठला. मी सुधाकरकडे वळलो. "ऐकलं का? दीपालीच्या आधी छायाले उतार पडला होता!"

"असंल ना भाऊ. आमची तं सकाळी बी उशिराच उठते."

"मी उशिरा उठते? मंग डबा कोण करते तुमचा?" दीपाली आतून ओरडली. सुधाकर हसला. त्याच्याशी भांडायला घरात माणूस होतं.

वृषाली हसली नाही. "मावसाजी, मी रेघेचा उतार म्हणून राहिली. पहिल्या उतारात रक्तातला विषाणू जाते. दुसऱ्यात लिव्हरच्या बाधलेल्या पेशी. मावशीचं लिव्हर पहिलेच कडक झालं होतं. तिची रेघ इथून आडवी गेली."

"मंग हे लोकाईले काहून दाखवतं?"

"नुसत्या बऱ्या झालेल्याईवर गणित बसवलं, तं मावशीसारख्याईच्या बाबतीत ते चुकंल. पहिला उतार पाहून डॉक्टर बी खूश होतीन, तुमच्यासारखे."

मग म्हणालो, "घे आकडे. पण तिच्या रेघेजवळ तुझ्या आईची नको काढू."

"एका चित्रात काढल्याबिगर फरक कसा दिसंल?"

दीपाली बाहेर आली होती. "माझी काढून टाक वं," ती मुलीला म्हणाली. "भाऊजीईले त्रास होते."

तिचं ते समजूतदार बोलणंही मला सोसवलं नाही. "राहू दे दोघीईच्या," मी म्हटलं आणि सही केली.

सुधाकर मला बसस्टँडवर सोडायला गाडी काढू लागला. दीपाली दारातून ओरडली, "अहो, हेल्मेट घाला!"

मी म्हटलं, "मी पायी जातो."