दोन पट्ट्यांमधला गंधार

चुन्याची ती एक रेघ पुन्हा फिसकटली होती. मधल्या षड्जाच्या उजव्या अंगाला, जिथे कोमल गंधाराची काळी पट्टी संपून पांढरी सुरू व्हायची, तिथे बोटांचा घाम लागून चुना आणि कोळसा एकमेकांत मिसळले होते, आणि दोन पट्ट्यांची मिळून राखी रंगाची एकच बेढब पट्टी झाली होती... देवलाने बोट उचलून पाहिलं. बोटही राखी. म्हणजे सकाळपासून हे बोट इथेच येत होतं, पुन्हा पुन्हा, आणि आपल्याला पत्ताही नव्हता.

फळी जुन्या बैलगाडीची. मुंबईहून येताना पियानो काही पाठीला बांधून आणता येत नाही, आणि बोटं आठवडाभर मोकळी राहिली की रुसून बसतात. म्हणून आल्या आल्या त्याने फळी घासली, चुन्याने पट्ट्या आखल्या, काळ्यांच्या जागी कोळसा फासला आणि न वाजणारा पियानो तयार केला. बंजाऱ्यांच्या तांड्यातली माणसं सुरुवातीला येऊन बघून गेली, मग कुणी फिरकेना. वेडा म्हणावं तर अंगात इस्त्रीचा सदरा, शहाणा म्हणावं तर मोहाच्या झाडाखाली बसून फळी बडवतो. गोमतीबाईच्या पोराला मुंबईच्या हॉटेलात साहेबलोक 'डेव्ह' म्हणतात, हे ऐकून तर म्हातारे पोट धरधरून हसले होते. देवलाचा डेव्ह! उद्या गोमतीबाईचं काय करतील कोण जाणे.

झोपडीतून कमलीचा आवाज आला. ओरडणं नव्हतं ते — खालच्या पट्टीतला, दात आवळून दाबलेला हुंकार, आणि त्यामागून शांतता. पहाटेपासून हेच चाललं होतं. बायको अडलेली असताना पुरुषाने त्या दाराकडे जायचं नाही, म्हणून तो इथे; आणि इथे बसून दोन हुंकारांमधली शांतता तो मात्रांनी मोजत होता. मोजायचं असं ठरवलेलं नव्हतं. कामठीच्या छावणीत, लष्करी बँडमध्ये पोरवयात लागलेली ती खोड — टांगा चालला की मोज, नळ गळला की मोज, माणूस खोकला की मोज. आज मात्र मोजताना त्याला स्वतःची शिसारी आली, आणि तरीही आकडा पुढे सरकतच राहिला.

पण सकाळपासून बोटं तिथेच का येत होती?

त्याला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच तो विचार फळीच्या आजूबाजूला फिरत होता, फळीवर येत नव्हता. वाजवलं कुठे मी? फळी कुठे वाजते? बाहेर तर नखाची टकटक सोडून काही ऐकू येत नाही... मग जे बाहेर वाजलंच नाही ते हिशेबात धरायचं की सोडायचं? आणि धरायचं, तर कुणी धरायचं? त्याच्या कानामागून घामाचा एक थेंब थंडपणे मानेवर उतरला, चैत्राच्या त्या भाजणाऱ्या उन्हात.

तो आठेक वर्षांचा असेल तेव्हा धाकटी बहीण तापाने गेली. आईने तिला मांडीवर घेतलं होतं आणि आई रडत होती — तांड्यातल्या बाया रडतात तशी, सुरात, एकेक ओळ लांबवत, पोरीला नावं ठेवत, तिला जाब विचारत. वरून निघालेला सूर गंधारावर येऊन थरथरायचा, पुढे जाऊ की नको असं करायचा, आणि खाली उतरू लागायचा... तेवढ्यात कुणीतरी त्याला उचललं आणि शेताकडे नेलं. पुढचं त्याने ऐकलंच नाही. मग कामठी, बँडमास्तरने शिकवलेला पियानो, मग मुंबई, हॉटेल, पिंटोसाहेबांचा ऑर्केस्ट्रा. आणि एके दिवशी दुपारच्या चहाच्या नाचात, डोकं दुसरीकडेच असताना, जॅझच्या हेलकावणाऱ्या ठेक्यावर त्याच्या उजव्या हातातून तो सूर आपोआप बाहेर आला. आईचा गंधार पियानोत नव्हता. तो काळ्या आणि पांढऱ्या पट्टीच्या मधे कुठेतरी होता. म्हणून त्याने दोन्ही पट्ट्या एकदम दाबल्या, मुंबईच्या हॉटेलांत अमेरिकेहून आलेले काळे वादक दाबतात तशा, एकीवरून दुसरीवर बोट घसरवत — आणि सारंगीसारखा तो सूर रडला. माणसं नाचायची थांबली नाहीत. उलट अधिक जवळ येऊन नाचू लागली. पिंटोसाहेबांनी मागे वळून पाहिलं आणि भुवया उंचावल्या. इतका आनंद त्याला आयुष्यात कधी झाला नव्हता, हे त्याने नंतर कुणाला सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात कमलीचं पहिलं मूल गेलं. शिरपूरकडच्या तिच्या माहेरच्या तांड्यात, जन्मल्या दिवशीच.

योगायोग. हजारदा त्याने स्वतःला समजावलं होतं — योगायोग. ताप असतो, नाळ असते, सुईणीचे हात असतात; पियानो मधे येतो कुठे? ज्या म्हाताऱ्या सारंगियांकडे तो सकाळी राग शिकायला जायचा, त्यांना त्याने त्या सुरावर बांधलेली चीज ऐकवली होती. बडे मियां एवढंच म्हणाले, "सुर तो सच्चा है बेटा. मांग के लाया है, या उठा के?" तो हसला होता. हसण्यावारी नेलं की गोष्टी हलक्या होतात, असं त्याला तेव्हा वाटायचं.

पिंटोसाहेबांचं म्हणणं वेगळंच. चीज झकास आहे, पण दारापर्यंत येऊन उभी राहते, आत येत नाही. शेवट आण, की रेकॉर्ड काढू. शेवट! देवलाने यमनातला शेवट लावून पाहिला, भैरवीतला लावून पाहिला, इंग्रजी बाजाचा लावून पाहिला. उसना सदरा अंगाला बसावा तसे ते बसले. खरा शेवट आईच्या गळ्यात होता, आणि बायकोच्या बाळंतपणासाठी म्हणून रजा काढून आलेल्या माणसाने, आल्याच्या दुसऱ्या दिवशी, आईजवळ तो मागितला होता.

गोमतीबाई ज्वारी पाखडत होती. तांड्याची बोली त्याच्या जिभेवर अडखळते, म्हणून ती त्याच्याशी कुणब्यांच्या शेतावर शिकलेल्या मराठीत बोले — परक्याशी बोलावं तशी. तिने सूप थांबवलं होतं.

"ते काय गानं हाय? ते मानूस गेल्यावर येते, बापा. आपुन बलावलं त ते एकटं नाई येत. संगं कोनाचं तरी मरन घेऊन येते."

"आई, मी फक्त सूर विचारतोय. शब्द नको."

"सूर अन् शब्द येगळे असतेत काय? मोठा शिकलेला आला!" आणि सूप पुन्हा हलू लागलं होतं.

एकटं येत नाही... त्याने राखी झालेलं बोट धोतराला पुसलं. पुसलं जाईना.

आई आता दारातून बाहेर आली. कडेवर रिकामी घागर, कपाळावर घामाने चिकटलेले केस, आणि तोंडावर असं काही, की ते बघून त्याने राखी बोट मुठीत लपवलं. चुलीकडे जाताजाता ती थांबली. तिची नजर त्याच्या तोंडावर नव्हती; हातांवर होती.

"काय करून राह्यला तू?"

"काही नाही."

"म्या सकाळपासून पाहून राह्यली. ते बोट वर जाते, मंग तिथंच येऊन कापते, मंग खाली येते." तिने हवेत हाताने तो चढउतार काढून दाखवला — तंतोतंत. "मले आंधळी समजतं काय रे? तुले म्हनलं होतं न मी?"

 न वाजलेलं तिला ऐकू आलं होतं. म्हणजे बाहेरही ऐकू जात होतं. म्हणजे...

"कमली कशी आहे?"

"पोरगं आडवं हाय म्हनते सुईन."

"मग गाडी जुंपू. वाशीमच्या दवाखान्यात —"

"गाडीत हिसके बसतीन, वाटंतच जाईन कमली." घागर एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेत ती म्हणाली, आणि तिचा आवाज एकाएकी मऊ झाला, ते मऊपण त्याला सगळ्यात भयंकर वाटलं. "हात धुऊन टाक, देवला. अन् बसून राह्य. तिच्या मायले सांगावा धाडला हाय, शेजारचा लालसिंग घेऊन यीन तिले."

ती गेल्यावर त्याने फळी उचलली. नाल्याच्या डबक्याशी नेऊन पाण्यात बुडवली, वाळूने घासली; चुना पांढऱ्या ढगासारखा पाण्यात पसरला, कोळसा खाली बसला, आणि फळी पुन्हा नुसती गाडीची फळी झाली. हात धुतले. नखांतलं काळं काढलं. लहान पोरासारखा तो मनातल्या मनात म्हणत होता — मी वाजवणार नाही. रेकॉर्ड नको, शेवट नको, पिंटोसाहेबांना सांगतो की चीज विसरलो. नुसती कमली राहू दे. कमली, जी त्याच्या बोटांना 'तुझी दहा माकडं' म्हणायची. जिने एकदाच, लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात, मुंबईत कुणासाठी वाजवतोस असं विचारलं होतं आणि उत्तर ऐकायच्या आत झोपी गेली होती. तिला त्याने अजून काहीच वाजवून दाखवलेलं नव्हतं. नवस बोलावा इतका तो देवभोळा राहिला नव्हता, आणि बोलू नये इतका शहाणाही झाला नव्हता. म्हणून तांड्याच्या संताचं, सेवाभायाचं, नाव घेऊन त्याने घाईघाईने पाण्यालाच हात जोडले, आणि कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून मागे वळून बघितलं.

वाटेवर धूळ उठली होती. लालसिंगची गाडी. सासू आली म्हणजे — भुरीबाई खमकी बाई; तिचा हात लागला तर कदाचित... गाडी तांड्यात शिरली, झोपड्यांच्या आड गेली. तो नाल्यातून वर चढू लागला, वाळूत पाय रुतत होते, आणि चढताचढता त्याच्या ध्यानात आलं की बराच वेळ कमलीचा हुंकार आलेला नाही. मोजायची खोड असलेला माणूस, आणि नेमकी हीच शांतता मोजायची राहून गेली होती.

आणि तेव्हा झोपडीकडून रडणं सुरू झालं.

दोघी बाया. आई आणि भुरीबाई. तो जागच्या जागी थांबला. तांड्यातल्या बाया खूप दिवसांनी भेटल्या की अशाच गळ्यात पडून सुरात रडतात, मधल्या दिवसांत काय झालं, कोण गेलं, कोण आलं, सगळं त्या रडण्यातच सांगतात. परक्याला वाटावं मयत झाली, आणि झालेली असते नुसती भेट. भुरीबाई वर्षाने आली होती. भेटच असेल. भेटच. पण माणूस गेल्यावरही त्या अशाच रडतात — ह्याच गळ्याने, ह्याच गळामिठीत. शब्द ऐकले तर कळेल. पण शब्द लांबून येत होते, आणि ज्या बोलीत येत होते ती त्याने केव्हाच मुंबईच्या वाटेवर सांडली होती. बाळाचं रडणं त्यात आहे का? त्याने कान टवकारले.  पाव मात्रा चुकलेला ढोलकीवाला भर गर्दीत ओळखणारा त्याचा कान — त्याला ह्या रडण्यातून भेट आणि मरण वेगळं काढता येईना.

आईचा आवाज वर चढला. गंधारावर आला, थरथरला. आणि खाली उतरू लागला — रिषभाला नुसता स्पर्श करून षड्जावर, पण षड्जावर टेकला नाही, तसाच खाली गेला, निषाद ओलांडून मंद्र पंचमापर्यंत, आणि तिथून, जणू काही विसरलेलं घ्यायला परत यावं तसा, अर्ध्या श्वासाने पुन्हा वर येऊन रिषभावर उघडाच राहिला. षड्ज नाहीच! इतके दिवस तो षड्जावर दार लावत होता, आणि दार लावायचंच नव्हतं. किती सोपं... किती... डाव्या हाताला पंचम धरून ठेवायचा, वरचा रिषभ तसाच सोडून द्यायचा, आणि ठेका हळूहळू विरघळू द्यायचा. मांडीवर त्याचा उजवा हात तो उतार पुन्हा एकदा, अजून एकदा, विसरू नये म्हणून घाईघाईने गिरवू लागला. सापडला. सापडला!

गरम वाळूत उभा राहून तो हसत होता. आपण हसतो आहोत हे त्याला ओठांच्या ताणावरून कळलं, आणि मग भीती वाटली — सकाळपासूनची ती भीती नव्हे. ती बाहेरून येणार होती, आणि ही आधीपासूनच आत बसलेली होती, त्याच्या सदऱ्याच्या आत, त्याच्याच अंगाच्या उबेत. दोन्ही हात त्याने काखेत घट्ट दाबून धरले. दाबलेली बोटं काखेतही हलत होती.

तिकडे बाया रडतच होत्या, आणि त्या कुणासाठी रडताहेत हे त्याने अजून विचारलं नव्हतं.