एव्हिसने घातलेली बंदी

ॲल्विन हॅडोने पायपुसण्यावर बूट घासले, दोन्ही बाजूंनी नीट घासले, आणि आत न येता तो दाराबाहेरच उभा राहिला.

“या ना,” रोवेना म्हणाली. “पाच वाजता कुलूप लागणार. सोमवारी बिल्डरची माणसं आली की बघण्यासारखं काही उरायचं नाही.”

“मला इथे बंदी आहे.”

“मिस्टर हॅडो, पब बंद होऊनच चार वर्षं झाली.”

“म्हणून काय झालं? बंदी एव्हिसने घातली होती. तिने उठवलीय का? नाही ना?”

रोवेना गावच्या संग्रहालयात काम करायची. हा ‘ड्रोव्हर’ पब पाडून तिथे फ्लॅट होणार होते. त्याआधी त्याचा इतिहास लिहून काढायचं काम तिच्याकडे आलं होतं, आणि आज शेवटचं एकदा पब लोकांना बघायला उघडला होता. सहा महिन्यांत ती एकवीस जणांशी बोलली होती. सगळे आत बसून प्यायलेले, त्यामुळे एकाची तारीख दुसऱ्याशी जुळेना. जुळायच्या त्या फक्त ॲल्विनच्या. तो रेल्वेत सिग्नलमन होता आणि पबच्या अगदी समोर, वरच्या मजल्यावर राहायचा. सिगारेटच्या धुराने पिवळ्या पडलेल्या काचा कोणत्या आठवड्यात धुतल्या, पियानो कोणत्या वारी चौघांनी उचलून बाहेर काढला, सगळं त्याला पाठ. तिने ते जुन्या बिलांशी ताडून पाहिलं. एकही चूक सापडली नाही. पबचा सगळ्यात भरवशाचा साक्षीदार पस्तीस वर्षं पबात गेलेलाच नव्हता.

“पण तुम्ही केलंत तरी काय?”

“बिअरमध्ये पाणी आहे म्हणालो. भर शनिवारी, सगळ्यांच्या देखत.”

“एवढंच?”

“होतंच पाणी. ती म्हणाली, चालता हो, पुन्हा या दारात पाऊल टाकू नकोस. नाही टाकलं.” त्याने चौकटीला हात लावला आणि लगेच काढून घेतला. “काउंटरच्या डाव्या टोकाला बसायचो मी. ते पितळी नळ आहेत का अजून?”

“आहेत. येऊन बघा.”

“तिला विचार. ती हो म्हणाली तर येतो. नाहीतर राहू दे.”

दाराशी दुसऱ्या कुणाला तरी बसवून रोवेना वृद्धाश्रमात गेली. पबची जुनी मालकीण एव्हिस पार्जिटर शहाऐंशी वर्षांची होती. जेवण उरकून ती चहा घेत बसली होती.

“ॲल्विन? सिग्नलवाला? आहे का अजून तो?”

“त्यांना आज आत यायचंय. पण तुम्ही घातलेली बंदी—”

“कसली बंदी? अगं पोरी, दर शनिवारी मी कुणाला ना कुणाला हाकलायचे. नवऱ्यालासुद्धा दोनदा हाकललंय. मंगळवारी तोंड पाडून यायचे सगळे, मी ग्लास भरायचे, झालं.” ती हसत होती. मग तिचं हसू हळूहळू ओसरलं. “त्याचं स्टूल मी नाताळपर्यंत कुणाला दिलं नव्हतं. आलाच नाही. म्हटलं, स्टेशनाजवळच्या पबात जात असेल, तिथली गोड लागत असेल. मग मलाही राग आला.”

“ते कुठेच गेले नाहीत. समोरच्या खिडकीत बसायचे.”

एव्हिसने चहात बुडवून धरलेलं बिस्किट तुटून तळाला गेलं, तरी तिचा हात तिथेच होता.

“पाणी होतं का हो बिअरमध्ये?” रोवेनाने विचारलं.

“ते मेलं आता विचारू नकोस.” तिने कप दूर सारला. “त्याला म्हणावं, ये.”

रोवेनाने सवयीप्रमाणे सगळं लिहून घेतलं होतं: नाव, तारीख, वेळ. खाली एक ओळ होती: बंदी कधीच नव्हती. परत येताना बसमध्ये तिने ती दोनदा वाचली.

ॲल्विन रस्त्यापलीकडे, आपल्या घराच्या दारात कोट घालून उभा होता.

“भेटली?”

“भेटल्या.”

“मग?”

रोवेनाने हातातली वही पिशवीत टाकली.

“उठवली.”

“काय म्हणाली?”

“ये म्हणाल्या.”

त्याने मान हलवली. एवढ्याने त्याचं समाधान झालेलं दिसलं नाही.

“कधीपासून?”

रोवेनाने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, आणि मग त्याच्याकडे.

“आज दुपारी एक वाजून दहा मिनिटांपासून.”

“बरं,” ॲल्विन म्हणाला आणि टाय बांधायला वर गेला.