उलटी शिकवलेली नदी

डोळे मिटा बरं, आणि मनात एक नदी आणा. आता तिच्यावर लाखो वर्षांची माती टाका. नदी गाडली गेली. वरून चार-दोन भोकं पाडून खालची वाळू नि चिखल काढून पाहिलाय, तेवढंच. मधे ती कुठं वळली असेल?

अल्बर्टातली हालिना हेच शोधायची. वरून काढलेला एका खऱ्या नदीचा फोटो ती कॉम्प्युटरला दाखवी. तो वळणं शिके, भोकांतल्या मातीशी जुळवून घेई आणि गाडलेली नदी चितारी.

तिथं वाळूतलं डांबर वितळवायला जमिनीत वाफ कोंबतात. वर चिखलाचं घट्ट झाकण असतं. जुन्या नदीनं ते जिथं कापलंय, तिथं वाफ जमीन फाडते.

एका सकाळी वाफेनं ती फाडलीच. शाळा बंद होती, म्हणून हालिनाची मुलगी डार्का तिथल्याच आईच्या ऑफिसात चित्रं काढत बसली होती. पाइनची झाडं मुळांसकट उडाली, दगडांनी खिडक्या फुटल्या. एक कामगार किंचाळत आत कोसळला; त्याच्या हाताची कातडी हातमोज्यासारखी सुटून लोंबत होती.

"दक्षिणेच्या टेकाडावर जा सगळे!" साहेब लाइल वॉकीटॉकीत ओरडला. हालिनाच्या नकाशात गाडलेली नदी उत्तरेला जात होती, म्हणजे दक्षिणेला धोका नव्हता. टेकाडाकडे धावणाऱ्या कामगारांत डार्काचे बाबाही होते.

"आई, भिंतीवरच्या फोटोतली नदी खाली वळते. तुझ्या नकाशातली वर का गेली?"

हालिना पांढरीफटक पडली. "अगं बाई! फोटोतले ठिपके वरच्या ओळीपासून मांडतात, आपला प्रोग्राम ते खालच्या ओळीपासून वाचतो. मी नदी उलटी शिकवली त्याला! लाइल, ती टेकाडाखाली आहे. माणसं काढ तिथून!"

"पोरीच्या चित्रकलेवरून? आता पुन्हा पळवलं तर चेंगरतील."

"नाहीतर शिजतील, गाढवा! दे तो वॉकीटॉकी इकडं!"

त्यानं तिला ढकललं. तिचं कपाळ कपाटाच्या कोपऱ्यावर आदळलं, रक्त डोळ्यांत ओघळलं. फुटक्या खिडकीतून डार्काला टेकाड दिसत होतं. माणसांच्या पायांशी जमिनीतून वाफेच्या पांढऱ्या रेघा फुसफुसत वर येत होत्या.

डार्कानं लाइलच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. तोंडात रक्ताची चव आली तरी सोडलं नाही. वॉकीटॉकी पडला तसा तिनं तो उचलला, टेबलाखाली शिरली आणि बटण दाबून किंचाळली, "बाबा, नदी तुमच्या पायाखाली आहे! रस्त्याकडे पळा! पळा ना!"