आपणहून आलेले मासे

आमच्या ओढ्यात सॅमन आपणहून परत आले, हे मी वर्षभर जिथं जाईन तिथं सांगत फिरले. रेडिओवर सांगितलं, शाळेत सांगितलं, चर्चच्या पायरीवर उभं राहून सांगितलं. ऐकून ऐकून लोक कंटाळले, मी नाही. का कंटाळावं? रस्त्याखालची, माशांची वाट अडवणारी ती मेली लोखंडी मोरी उखडायला मी होते, काठाला वाळुंज लावायला मी होते, आणि थंडगार पाण्यात ओंडके आडवे टाकताना कंबर गेली ती माझीच.

नियम मात्र अ‍ॅम्ब्रोज मामाचा. "ओढा साफ करा, सावली करा, आणि गप बसा. त्यांना यायचं तर येतील. हॅचरीतलं एकसुद्धा पिल्लू माझ्या ओढ्यात सोडायचं नाही." टाकीत वाढवलेले मासे सोडायचे आणि मग आले आले म्हणून टाळ्या पिटायच्या, याची त्याला भयंकर चीड. किती वर्षं गेली, ओढा रिकामाच. मामा खंगत चालला. आणि गेल्या शरदात, तो अगदी शेवटाला आलेला असताना, कोहो जातीचे सॅमन आले. लालभडक अंगाचे, पाण्याच्या उलट उसळ्या मारत. मामाला खुर्चीसकट उचलून काठावर नेलं. ढसाढसा रडला म्हातारा. मीही रडले. त्याच आठवड्यात तो गेला. मी मनात म्हटलं, बरं झालं, समाधानानं गेला.

यंदा त्या माशांवर आणखी एक गोष्ट अडकली होती. काठावरचं सीडरचं जंगल तोडायला एक कंपनी टपून बसली होती. मासे स्वतःहून आलेले असतील तर ओढा जिवंत, काठाला हात लावायचा नाही. माणसांनी आणून सोडलेले असतील तर चालवा करवत. निकाल गावच्या हॉलमधल्या सभेत व्हायचा होता, आणि गावातर्फे बोलायचं होतं मी. दुसरं कोण बोलणार?

सभेच्या आदल्या दिवशी हंगामाचा पहिला मासा धरला. आमच्यात तो सगळ्या गावानं घास घास वाटून खायचा, आणि हाडं एकही न मोडता पाण्यात परत सोडायची. मासा जाऊन आपल्या लोकांना सांगतो, इथं मान राखतात. मामानंतर तो मासा साफ करायचा मान माझ्याकडे आला. त्याच सकाळी फळीवर घेतला, पाठीवरून हात फिरवला आणि थांबले. शेपटीच्या अलीकडे नखाएवढा एक मऊ पर असतो. हॅचरीवाले पिल्लाचा तो कापतात, आपला मासा ओळखू यावा म्हणून. याला तो नव्हता.

खरं सांगते, मला काही वाटलं नाही. एखादा मासा वाट चुकतो, होतं असं. मी हसत हसत लॉर्नकडे गेले. लॉर्न माझ्या लहानपणापासूनचा सोबती. खाडीपलीकडच्या हॅचरीत कामाला, आणि ओढ्यावर पहिलं फावडं माझ्यासोबत त्यानंच मारलेलं. धुरीघरात मासे टांगायच्या काठ्या पुसत बसला होता.

"काय रे लॉर्न्या, तुमचा एक येडा वाट चुकून आमच्याकडे आलाय," मी म्हटलं. "पाहुणचार करून हाडं परत पाठवते. चालेल ना तुझ्या साहेबाला?"

"पर कापलेला?"

"हो."

"अरे देवा," तो म्हणाला. "मी तर एकेक बघून घेतला होता."

बोलून गेला आणि काठी हातात तशीच राहिली.

"घेतला होता म्हणजे?"

"वर्ना, बस जरा."

"बसत नाही. बोल."

मग बोलला. उन्हाळ्यात हॅचरीत पर कापायचं काम चालतं, तेव्हा न कापलेल्यांतली पिल्लं बादलीत भरून आणायची आणि वरच्या डोहात सोडायची. मामा खंगायला लागला तेव्हाचे दोन उन्हाळे. "मामा मरत होता गं. रिकाम्या पाण्याकडे बघत मरू द्यायचा होता का त्याला?"

"आणि मला का नाही सांगितलंस?"

"तुला? तुझ्या पोटात कधी काही राहिलंय? आणि तू सांगितलंस की लोक डोळे झाकून मानतात. म्हणून तर..."

"म्हणून तर काय?"

खाली बघत म्हणाला, "म्हणून तर तुलाच रेडिओवर पाठवलं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. केसानं गळा कापला होता मेल्यानं, आणि वर्षभर माझ्याच टेबलाशी बसून माझं सूप भुरकत होता!

"हे बघ," तो अजिजीनं म्हणाला, "यांची पिल्लं इथल्याच वाळूत जन्मतील. ती जंगलीच की. कोण फरक करणार आहे? उद्या नेहमीसारखं बोल. जंगल वाचेल."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. म्हणून तर जास्तच संताप आला.

हॉल खच्चून भरला होता. निकाल द्यायला आलेली जंगलखात्याची बाई तरुण होती, बोलायला गोड. तिनं विचारलं, "वर्नाबाई, हे मासे कुणी आणून सोडले नाहीत, एवढं खात्रीनं सांगाल?"

खोटं जिभेवर आणून बघितलं. येईना.

"लॉर्ननं सोडले," मी म्हटलं. "हॅचरीतून. बादलीनं. एकाचा पर कापलेला मी स्वतः पाहिलाय."

"एखादा भरकटतोही," बाई सावकाश म्हणाली आणि लॉर्नकडे वळली. तो बुटांकडे बघत बसला. मला वाटलं, आता उठेल, कबूल करेल. लॉर्न आहे शेवटी.

उठली ती फिलोमिना मामी. आई गेल्यावर जिनं मला पोटच्या पोरीसारखं वाढवलं, ती.

"बाई, हिचं मनावर घेऊ नका," ती म्हणाली. "हिचा मामा गेल्यापासून पोरीचं डोकं ठिकाणावर नाही. मी वाढवलीय तिला, मीच सांगते. लॉर्न असं काही करणार नाही."

सगळा हॉल हळूहळू माना हलवायला लागला. मागून कुणीतरी म्हणालं, "बिचारी." ज्यांच्या दारात मी वाळुंजाची रोपं मागत फिरले, तीच माणसं. जंगलखात्याच्या बाईनं मला पाणी दिलं, फार मायेनं. मग काठ राखायचा असं ठरलं, टाळ्या पडल्या, लोक एकमेकांच्या गळ्यात पडले. दोघी-तिघी माझ्याही पडल्या.

बाहेर पायऱ्यांवर मी मामीचा दंड धरला. "तुला माहीत होतं?"

"हळू बोल."

"माहीत होतं का?"

"मला काय विचारतेस?" मामी म्हणाली. "बादली तुझ्या मामानं धरली होती. त्यानंच लॉर्नला भरीला घातलं. म्हणाला, वर्नाला काही कळू देऊ नका, ती खरं मानून बोलली तरच हे टिकेल."

मी तिचा दंड सोडला. मामीनं माझा कोट सरळ केला, बटण लावलं, लहानपणी लावायची तसं.

"चल आता घरी," ती म्हणाली. "जेवून घे दोन घास."

"कुणाच्या घरी?" मी म्हटलं.