फ्यूज उडायचा थांबला

विमानात बसायची मला हौस नाय, आधीच सांगतो. पाना घेऊन विमानाखाली दिवसभर लोळेन, पण वर? नको रे बाबा. पण मुरबाडच्या आमच्या धावपट्टीवर मालकाचा नियमच हाय, ज्यानं दुरुस्ती केली त्यानं पहिल्या फेरीला पायलटशेजारी बसायचं. म्हणे, "तुझा जीव आत असला की नट नीट आवळशील." स्वतः मात्र खाली खुर्ची टाकून चहा पितो, शहाणा!

त्यात घरी, शेणव्याला, माझी बायको सारिका बाळंतीण. पोरगी एवढीशी, अजून मान धरत नाय. मला धडधाकट घरी जायचं होतं. विमान गेलं उडत.

विमान जुनं, दोन सीटचं. दुखणं चार्जिंगचं. इंजिनाला पट्ट्यावर फिरणारा अल्टरनेटर असतो, त्यानं बॅटरी भरायची. ती भरत नव्हती आणि त्याचा फ्यूज सारखा उडायचा. मी बॅटरी बदलली, पट्टा ताणला, अर्थिंगची टोकं घासून लख्ख केली, अल्टरनेटर उतरवून तपासला. सगळं ठणठणीत, तरी फ्यूज आपला उडतोच. डोक्याला ताप नुसता! मग या आठवड्यात तो उडायचाच थांबला. जमिनीवर इंजिन चालवून पाहिलं, चार्जिंगचा काटा छान उजवीकडे. मला वाटलं, पट्टाच सैल होता, सुटलो एकदाचा. उडत नाय तो फ्यूज कशाला कोण काढून बघतोय?

दुपारी आमी उडालो. कुणाली मॅडम पायलट, कल्याणकडच्या, माझ्याहून लहान पण डोकं थंड. सिद्धगडाच्या अंगानं वळून भातसानगरपर्यंत जायचं आणि परत. मॅडम खालचं दाखवत होत्या, "सुयोगदादा, ते बघा, धरणाचं पाणी." मी कशाला बघतोय! माझे डोळे काट्याला चिकटलेले.

परतताना सिद्धगडाचं जंगल पुन्हा खाली आलं आणि काटा हलला. मधोमध आला, मग डावीकडे पडला. म्हणजे बॅटरी भरत नाय, उलट रिकामी होतेय.

"दादा, काय झालं हे?"

"अल्टरनेटरचं बटण बंद करून परत चालू करा. एकदाच हां, सारखं नाय करायचं."

त्यांनी केलं. काटा उजवीकडे गेला. मी श्वास सोडतोय तोवर पुन्हा डावीकडे आपटला. आणि वास आला. वायरचं प्लास्टिक जळायचा वास. पाठोपाठ माझ्या गुडघ्यापाशी, पॅनलच्या खालून, धुराची बारीक रेघ वर आली.

"मेन बंद करा!" मी ओरडलो. "सगळं बंद करा, सगळं!"

मॅडमनी मेन पाडला. रेडिओ मेला, कानातली खरखर गेली. इंजिन तेवढं घरघरत राहिलं. त्याची ठिणगी वेगळी असते, बॅटरीवर चालत नाय, हे मला पाठ हाय. पण तेव्हा सांगा ना माझ्या छातीला! मला वाटत होतं, आता थांबेल, आता थांबेल. खाली नुसती झाडं आणि कडे, उतरायला खळ्याएवढी जागा नाय. मी खिडकी उघडून धूर बाहेर घालवत होतो आणि मोठमोठ्यानं म्हणत होतो, "मला घरी जायचंय, मॅडम, मला घरी जायचंय." लाज कसली त्यात? भ्यालो होतो मी.

"जाऊ या," मॅडम म्हणाल्या. पण त्यांचाही आवाज कापत होता. "उतरताना वेग कमी करायच्या पंखांच्या झडपा विजेवर आहेत, त्या आता खाली येणार नाहीत. जोरात उतरावं लागेल. घट्ट धरा."

आमची पट्टी गवताची, आखूड, पुढे सागाची रांग. चाकं टेकली, उडाली, पुन्हा टेकली. मॅडम दोन्ही पायांनी ब्रेक दाबून होत्या. साग अंगावर धावून आले. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा विमान तिरकं उभं होतं आणि एक फांदी पंखाला टेकली होती.

खाली उतरलो ते मातीवरच बसलो. मग राग आला. तसाच आत वाकलो, पॅनल उघडलं आणि चार्जिंगचा फ्यूज उपसला. काचेची नळी कधीचीच काळी पडलेली, आणि तिच्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत तांब्याची जाड तार गुंडाळलेली! इंजिनाकडं जाणारी वायर एका पत्र्यावर घासून उघडी पडली होती, तीच खरी दुखण्याची जागा. वायर चिकटली की फ्यूज उडून सांगत होता बिचारा. त्याचंच तोंड कुणीतरी बांधून टाकलेलं.

"कोणाचं काम हे?" मी बोंबललो.

बुधूकाका पळत आले. आमचे राखणदार, पन्नाशीचे, माझ्याच गावचे. गावात कोणाची मोटर बंद पडो, डीपीचा फ्यूज जावो, काका जाड तार टाकतात आणि पाणी चालू. सगळे त्यांनाच बोलावतात.

"मीच रे टाकली," ते म्हणाले. "मालक तुला रोज बोलायचा, मला बघवंना. म्हटलं, आता नाय उडायचा."

"अहो काका, मेलो असतो ना आमी!"

त्यांचा चेहरा पडला. हात जोडायला लागले, मग मधेच थांबले. "सुयोग," ते हळूच म्हणाले, "मी रविवारी तुझं बाळ बघाया आलतो ना. तुझ्या आईनं बाजेखाली विजेची शेगडी लावली व्हती, बाळंतिणीला शेकाया. फ्यूज सारखा जायचा. म्हातारी म्हणाली, बुधू, जरा बघ."

मला पुढचं ऐकायचंच नव्हतं. फोन लावला. दोनदा भलत्यालाच लागला.

"सारिका, शेगडी चालू हाय काय?"

"हाय की. रविवारधरनं एकदापन फ्यूज गेला नाय. पोरगी मस्त झोपलीय बाजेवर." ती जांभई देत होती. "पन मघाधरनं कायतरी जळल्यागत वास येतोय ओ. मला वाटलं, शेजारी टायर पेटवलं."

"पोरीला उचल," मी म्हटलं. "आधी पोरीला उचल आणि बाहेर पळ. आईला सांग, मेन पाड."

फोन तिथंच पडला असावा. बाज सरकल्याचा आवाज आला, भांडं पडलं, आई काहीतरी ओरडली. मग किती वेळ काहीच नाय. मी फोन कानाला दाबून उभा होतो आणि बुधूकाका माझ्या तोंडाकडं बघत होते.

मग लांबून, अंगणातून असावं, पोरगी झोपमोड झाल्यावर रडते तशी रडायला लागली.