सोंदम

तुटलेलं लिगामेंट शिवून भागणार नाही, असं डॉ. लावण्या पहिल्याच भेटीत म्हणाल्या होत्या. स्कूटर सावरताना माझा पाय जमिनीवर रोवला गेला आणि गुडघा पिरगळला. आता मांडीच्या आणि नडगीच्या हाडात भोकं पाडून नवा दोर ओवायचा. तो कुठून घ्यायचा, एवढाच प्रश्न होता. "सोंदमच बरं," त्या तमिळमध्ये म्हणाल्या. बाबांनी मान हलवली होती.

आज दुसरी भेट. चेन्नईजवळच्या आवडीहून निघताना बाबांनी चहासुद्धा घेतला नाही. आई गेल्यापासून त्यांचं असंच चाललं आहे.

डॉक्टरांसमोर बसताच बाबांनी पँट गुडघ्याच्या वर गुंडाळली.

"उपाशी आलोय. रक्त आत्ताच घ्या. शुगर आता ताब्यात आहे."

"कशासाठी, सर?"

"सोंदम म्हणालात ना? मी बाप आहे तिचा."

सोंदम म्हणजे स्वतःचं. सोंदम म्हणजे नात्यातलंही. आईला किडनी हवी होती तेव्हा रोज हाच शब्द कानावर पडायचा. बाबा द्यायला तयार होते. शुगर आडवी आली.

"बाबा, माझ्याच मांडीमागचा दोर घेणार आहेत."

"तुझ्याच पायातला काढून तुझ्याच पायात? मग मी काय नुसता रिक्षा थांबवायला आलोय?"

"चार पदरी करून बसवतो," डॉक्टर म्हणाल्या. "किंवा गुडघ्याच्या वाटीखालचा पट्टा घेतो. दात्याचाही मिळतो, पण तो मृत व्यक्तीचा."

"गेलेल्या माणसाचा चालतो?"

"वेळेत काढला तर."

बाबांनी उघड्या गुडघ्यावरून हात फिरवला. मग मराठीत म्हणाले, "म्हणजे जयवंतीचा चालला असता."

आईइतक्या आजारी माणसाचा घेत नाहीत, हे मी वाचलं होतं. ते मी त्यांना सांगितलं नाही.

"माझाच घ्या," मी डॉक्टरांना म्हणाले.

बाबांनी पँट खाली केली. तमिळमध्ये विचारलं, "जिथून काढता, तिथं काय राहतं?"

"बरंचसं भरून येतं. अगदी पहिल्यासारखं नाही."

बाबा माझ्याकडे वळले आणि तेच सावकाश, मराठीत सांगू लागले. माझं तमिळ त्यांच्याहून चांगलं आहे. मी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.