सत्त्याऐंशीवरची सपाट रेघ

मी पूर्वतयारी बोलतेय. इंजिनिअरिंगला जाणाऱ्यांची भौतिकशास्त्राची पूर्वतयारी. एवढं लांबलचक आमच्या ओरुरोत, या डोंगरमाथ्यावरच्या शहरात, कुणी म्हणत नाही. पोरं मला 'प्रेफा' म्हणतात, तेही दाढ दुखत असल्यासारखं तोंड करून.

मला अंग नाही. तळमजल्यावरची एक थंडगार प्रयोगशाळा, चार गॅसच्या शेगड्या, एक फळा आणि जानेवारी-फेब्रुवारीतल्या सकाळी, एवढीच मी. पदवीच्या कागदावर माझं नाव येत नाही. माझे गुण पुढे कुठं धरत नाहीत. पण मला ओलांडल्याशिवाय कुणाला वर जाता येत नाही.

माझा जन्म भांडणातून झाला. पहिल्या वर्षाला कॅल्क्युलस घालून भौतिकशास्त्र शिकवायला लागले की सहामाहीपर्यंत निम्मा वर्ग रिकामा व्हायचा. शिक्षकांच्या बैठकीत एक जण म्हणाले, "पोरंच कच्ची आहेत." कासिल्दाबाई म्हणाल्या, "कच्ची नाहीत हो. पायरी न बांधताच त्यांना गच्चीवर चढा म्हणताय."

"मग बांधा तुम्हीच पायरी."

बाईंनी बांधली. तेव्हापासून त्या मला शिकवतात. खरं म्हणजे मीच त्यांच्याकडून शिकते.

कॅल्क्युलस मी शिकवत नाही. त्याच्या दारापर्यंत नेऊन सोडते. माझ्याकडे विचारायला एकच प्रश्न आहे. किती बदललं, किती वेळात? मग तोच जरा जवळून: आणि या क्षणाला किती वेगानं बदलतंय? बाई पन्हाळीतून गोटी सोडतात, तोच प्रश्न. पाणी तापायला ठेवतात, तोच प्रश्न. एखाद्या दिवशी एखाद्या चेहऱ्यावर काहीतरी उजळतं आणि मला वाटतं, जमलं. दुसऱ्या दिवशी तोच चेहरा कोरा असतो. मी पुरेशी आहे का, ही शंका मला जन्मापासून आहे. जास्त दिलं तर पोरं बिचकतात, कमी दिलं तर पुढं बुडतात. कुठल्याही आईला विचारा.

त्यात माझे दिवस कार्निव्हलच्या तोंडावरचे. बाहेर रस्त्यावर बँडची तालीम चालू असते, आत पोरांचे पाय बाकाखाली नाचत असतात. निम्मी पोरं नाचणारी, उरलेली नाचणाऱ्यांचे कपडे शिवणारी.

नोएमी कोल्के शिवणाऱ्यांतली. तिच्या आईचं पोशाखांचं दुकान. ती वर्गात यायची ती बाहीला चार टिकल्या चिकटवूनच. गेल्या वर्षी माझ्यातच नापास झाली होती, आणि माझ्या परीक्षेला दोनदाच बसता येतं. शेजारच्या एल्मेरला तिनं एकदा सांगितलं, "आई म्हणाली, या वर्षी झालं तर झालं. नाहीतर कार्निव्हलनंतर दुकान तू सांभाळायचंस."

"वाईट काय त्यात? मला देतेस का दुकान?"

"तुला सुईत दोरा ओवता येतो का?"

"तुला तरी गणित कुठं येतंय?"

दोघं हसले. ती आधी थांबली.

शेवटची परीक्षा कार्निव्हलच्या आधीच्या शुक्रवारी होती. पाणी तापवायचं, दर मिनिटाला तापमान लिहायचं, आलेख काढायचा, मग बाई टेबलापाशी येऊन तोंडी विचारणार. साधं काम. नोएमीची रेघ छान चढत गेली आणि एका जागी थांबली.

"बाई, माझा थर्मामीटर बिघडलाय. सत्त्याऐंशीच्या पुढं जात नाही."

"दुसरा घे."

दुसराही तिथंच थांबला. एल्मेर तिच्या कागदात डोकावला. "अगं, पाणी शंभरावर उकळतं. पुस्तकात आहे. पुस्तकापेक्षा तू शहाणी?"

"तुझं किती आलं?"

"शंभर. आलं म्हणजे, आणलं."

तिनं आजूबाजूला पाहिलं. सगळ्यांच्या रेघा शंभराला जाऊन टेकल्या होत्या. इतक्या उंचावर जन्मलेली पोरं ही, आणि एकाही भांड्यातलं पाणी शंभरापर्यंत गेलेलं नव्हतं. नोएमीनं खालचा ओठ चावला आणि आपली रेघ वर ओढली. मला ओरडावंसं वाटलं. पण मला तोंड नाही, बाईंचं आहे तेवढंच.

बाई आधी एल्मेरकडे गेल्या. आलेख बघून म्हणाल्या, "तुझं पाणी फारच आज्ञाधारक आहे रे." मग नोएमीकडे वळल्या. "या शेवटच्या भागात पाणी किती वेगानं तापतंय? रेघेचा चढ बघून सांग."

आकडेमोड तिला येत होती. पट्टी लावायची, भागायचं, उत्तर द्यायचं आणि वर जायचं. रेघ खोटी आहे म्हणावं, तर बनवलेल्या नोंदींना बाई नापास करतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिनं पट्टी लावली, मग उचलून बाजूला ठेवली.

"इथं तापत नाहीये, बाई."

"रेघ तर चढतेय."

"मी चढवलीय."

एल्मेर खोकला.

"का?"

"पुस्तकात शंभर आहे. आणि ही माझी शेवटची खेप आहे."

"ती रेघ राहू दे. खाली जे पाहिलंस ते काढ."

तिनं सत्त्याऐंशीवर सपाट रेघ काढली.

"आता चढ किती?"

"शून्य."

"म्हणजे गॅस संपला?"

"नाही हो. गॅस चालू आहे. उष्णता जातेच आहे, पण ती पाण्याची वाफ करण्यात जातेय. तापमान जागचं हलत नाही."

"आणि शंभर का नाही?"

ती भांड्यावरच्या वाफेकडे बघत म्हणाली, "आई कुकरशिवाय बटाटे लावत नाही. उघड्या पातेल्यात अख्खी दुपार जाते. इथली हवा विरळ, बाई, पाण्याला वरून दाबणारं कमी. पुस्तक समुद्राकाठच्या माणसानं लिहिलं असणार."

"आणि आपला समुद्र कुठाय?" एल्मेर पुटपुटला. "परत मिळाला की शंभर लिहू."

वर्ग हसला. आमचा समुद्रकिनारा शेजारच्या देशानं लढाईत घेतला, त्याला शंभराहून जास्त वर्षं झाली; या देशात या विनोदावर सगळे हसतात.

बाई रागावल्या नाहीत. "चला, सगळ्यांनी आपापल्या रेघेखाली डोळ्यांनी पाहिलेली रेघ काढा," एवढंच म्हणाल्या. नोएमीच्या पहिल्या रेघेचे गुण त्यांनी कापले, दुसरीचे दिले. बेरीज मला दिसली नाही.

दुपारी चाल्या झाली, म्हणजे कार्निव्हलआधीची कामाच्या जागेची पूजा. शेगड्यांना रंगीत फिती बांधल्या, टेबलांवर पाकळ्या उधळल्या, धरणीमातेसाठी जमिनीवर दारूचे थेंब सांडले. फळ्यावरसुद्धा दोन उडवले. माझ्यावर उडवायला काही नव्हतं, पण बाईंनी दारातच मोकळ्या हवेत एक थेंब टाकला. मी तो माझा धरला.

मग भिंतीवर यादी लागली. एल्मेरचं नाव नव्हतं. त्याची एक खेप उरलीय, तो पुढच्या वर्षी माझ्याकडेच येईल. नोएमीचं होतं, अगदी तळाला. तिनं तिथंच उभ्याउभ्या फोन लावला.

"आई, पास झाले मी. कार्निव्हलपर्यंत शिवते. मग दुकान तुझं तू बघ."

पलीकडून मोठ्यानं आलं, मलाही ऐकू येईल इतकं: "मग आत्ता तरी ये लवकर. अठरा बाह्या पडल्यात."

आता मार्च लागलाय. माझ्या खोलीला कुलूप आहे. वरच्या मजल्यावर पहिल्या वर्षाचा वर्ग भरतो, बाकं सरकल्याचा आवाज छतातून येतो. तुम्हीही कुठल्याशा प्रेफातून गेला असाल. तिचं नाव विसरलात तर काही बिघडत नाही, आम्हाला त्याची सवय आहे. फक्त तुमच्यानंतर येणारं एखादं पोर घाबरत घाबरत म्हणालं, "मला तर वेगळंच दिसलं," तर आधी त्याला विचारा, काय दिसलं.

त्या वर्गाच्या पहिल्या दिवशी नोएमी माझ्या दारावरून गेली. जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढली. मागं वळून पाहिलं नाही. बरंच झालं. पाहिलं असतं तर मी कुठं कमी पडले का, याची मला काळजी लागली असती.